डोळे मिटा म्हणणाऱ्या साहेबांस

प्रति,
मा. प्रेरणादायी वक्ते साहेब,
मुक्काम बहुधा पुणे, कायमचा पत्ता व्यासपीठ.



पत्रास कारण की, मंठ्यातल्या तीनेकशे पोरापोरींचा आत्मविश्वास आपण एका दुपारी वाढवून गेलात आणि त्याची सूज अजून उतरलेली नाही. बसस्थानकाच्या बाजूला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तलाठी, पोलीस, वनरक्षक, जिल्हा परिषद, जी जाहिरात निघेल तिचे फॉर्म इथे भरले जातात, हॉलतिकिटं इथेच निघतात आणि निकालही बहुतेक जण इथेच बघतात. आपण वाटलेल्या प्रमाणपत्रांच्या रंगीत प्रतीसुद्धा माझ्याच यंत्रातून निघाल्या. म्हणजे आपल्या कार्यात माझाही खारीचा वाटा आहे. त्या नात्यानं चार शब्द लिहितो.

कार्यक्रम झकासच झाला. वाटूर फाट्यावरून गाडी वळल्याचा फोन आला तसे संयोजक फेटे घेऊन धावले. मंगल कार्यालयात आदल्या दिवशीच्या लग्नाचं स्टेज तसंच होतं. नवरा-नवरीच्या लाल मखमली कोचावर आपण एकटेच बसलात आणि दोघांची जागा भरून काढलीत. विषय होता भावनांवर विजय. माईक हातात घेतल्या घेतल्या आपण विचारलंत, "कोणाकोणाला यशस्वी व्हायचंय?" झाडून सगळे हात वर. मंठ्यात अपयशी व्हायला कोणीही उत्सुक नाही, हे एवढ्या लांबून येऊन शोधून काढल्याबद्दल तालुका आपला ऋणी आहे.

मग गरुड आला. तो येणार हे आम्हाला ठाऊक होतं, तो दरवर्षी येतो. वक्ता बदलतो, गरुड तोच. चाळिशी गाठली की तो म्हणे डोंगरावर जातो, दगडावर आपटून चोच फोडतो, नखं उपटतो, पिसं उपटतो, पाच महिने वेदना सोसतो आणि वर आणखी तीस वर्षं जगतो. साहेब, चोच फुटलेला पक्षी खाणार काय? पाच महिने लांबच राहिले, तो उपाशी मरेल. पक्ष्यांची पिसं थोडीथोडी गळतात आणि नवी येतात, चोच आणि नखं आयुष्यभर झिजतात आणि वाढतात, आणि रानातला गरुड सत्तरी काही गाठत नाही. असा डोंगरावर जाऊन स्वतःचे हाल करून घेणारा गरुड एकाही पक्षीतज्ज्ञानं पाहिलेला नाही. तो फक्त व्यासपीठांवर आढळतो. पण माझं भांडण पक्षिशास्त्राचं नाही. स्वतःला जेवढं रक्तबंबाळ कराल तेवढे वर जाल, एवढंच त्या गोष्टीतून विशीतल्या पोरांच्या गळी उतरतं. मंठ्यातली निम्मी पोरं आधीच दगडावर चोच आपटत बसलेली आहेत. त्यांना डोंगराचा पत्ता सांगायची गरज नव्हती.

गरुडामागून अमेरिका आली. येल विद्यापीठात १९५३ साली ज्या तीन टक्के पोरांनी आपलं ध्येय कागदावर लिहून ठेवलं, त्यांची संपत्ती वीस वर्षांनी उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून जास्त भरली, असं आपण छातीठोकपणे सांगितलंत. असा अभ्यास कधी झालाच नाही. लोकांनी येलकडे विचारणा केली, तेव्हा खुद्द येलनंच तसं सांगितलं. मग एकवीस दिवसांत सवय. ते मूळ मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनचं, १९६० सालच्या पुस्तकातलं. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला माणसाला कमीत कमी एकवीस दिवस लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं 'कमीत कमी' वाटेत कुठंतरी उतरून गेलं. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी खरोखर मोजमाप केलं, तर सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, आणि माणसागणिक तो आकडा १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता. हे मी विद्वत्ता दाखवायला सांगत नाही. आपण गेल्यावर तीनेक आठवड्यांनी तळणीचा एक पोरगा दुकानात येऊन म्हणाला, "काका, पहाटं उठायची सवय काय लागली नाही. मह्यातच खोट हाय." आपल्या चुकीच्या आकड्याचा भुर्दंड त्यानं स्वतःच्या खात्यावर टाकून घेतला होता.

हे सगळं शिकलो कुठे, असं आपल्या मनात येईल. माझी भाची छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात मानसशास्त्रात एम. ए. करते. तिचे संशोधन-लेख माझ्या दुकानात छापले जातात. गिऱ्हाईक नसलं की मी वाचतो. न कळलेलं तिला फोनवर विचारतो. आपणही एखादी अशी भाची ठेवावी.

इथवर मी मागच्या रांगेत हसत बसलो होतो. मग आपण दिवे मालवायला सांगितलंत.

"डोळे मिटा," म्हणालात. लॅपटॉपवर बासरी सुरू झाली. "तुमच्या बापाचे पाय आठवा. त्या पायांच्या भेगा आठवा. आईनं स्वतः उपाशी राहून तुम्हाला वाढलेलं ताट आठवा. आणि स्वतःला विचारा, मी त्यांना काय दिलं?" पहिल्या पाच मिनिटांत मुलींच्या बाजूनं हुंदके सुरू झाले, दहाव्या मिनिटाला मुलं रडायला लागली. आपण आवाज आणखी हळू केलात. बासरीवाला तर थांबायचं नावच घेईना. संयोजकांची पोरं रांगांमधून मोबाइलचे टॉर्च लावून फिरत होती, कारण अंधारात अश्रू नीट दिसत नाहीत. संध्याकाळच्या आत ते रडणारे चेहरे रीलमध्ये होते, खाली आपलं नाव आणि बुकिंगचा नंबर. आता पोटासाठी माणसाला काहीतरी विकावंच लागतं, मीही विकतो. पण दुसऱ्याचं रडणं विकायचं तर निदान त्याला विचारावं.

साहेब, आपण मराठवाड्यात आला होतात. इथल्या सभागृहात असा एखादा पोरगा असतोच ज्याचा बाप कर्जापायी स्वतःच्या हातानं गेलेला आहे. एखादी पोरगी असते जिचा बाप दारू पिऊन आईला मारतो. त्यांना अंधारात डोळे मिटून बाप आठवायला लावण्याआधी आपण कोणाला काही विचारलंत? आणि आठवून झाल्यावर, दिवे लागल्यावर, त्या आठवणीचं काय करायचं ते कोणी सांगितलं? आपण म्हणालात, "आता जोरात टाळ्या!" आणि टाळ्या झाल्या. लगेच बाहेर आपली पुस्तकं लागली, फक्त आजच्या दिवस निम्म्या किमतीत.

हेलसच्या बाजूची एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करते. करत होती, म्हणायला हवं. रोज सकाळी धावायची, दिवसभर अभ्यासिकेत बसायची. आपल्या कार्यक्रमानंतर तिनं अभ्यासिका सोडली. का, तर पप्पांना महिन्याच्या महिन्याला फी मागायची लाज वाटू लागली. "त्यांनी एवढं सोसलंय अन् मी अजून मागतेच," म्हणाली. आपण तिला पेटवायला गेलात आणि तिच्याकडे जी थोडीफार आग होती तीही विझवलीत. मुलींचं गणित वेगळं असतं, ते आपल्या स्लाइडमध्ये नव्हतं. मुलाला वयोमर्यादा सरकार घालून देतं, मुलीला घर घालून देतं: औंदा नाही झालं तर पाहुणे बघायला येणार. तिला हवी होती घरच्यांसमोर आवाज न कापता 'अजून एक वर्ष द्या' म्हणण्याची ताकद. आपण दिलीत अपराधाची भावना, तीही बासरीसकट.

आणि बापाच्या पायांच्या भेगा पोराच्या अपराधामुळे पडल्या, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय? २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात बोली चार हजारांच्या आसपास लागत होती. मधल्या फरकाबद्दल पोरानं रडायचं असेल तर रडेल बापडा, पण ज्यांनी रडायला हवं ते त्या दिवशी पहिल्या रांगेत बसून आपला सत्कार करत होते.

आता त्या एका पोराचं सांगतो ज्याला रडू आलं नाही. उस्वदकडचा आहे. सगळे रडत होते आणि तो कोरडा. तेव्हापासून त्याला वाटतंय की आपल्यात काहीतरी कमी आहे, आपलं काळीज दगडाचं आहे. मी त्याला विचारलं, "बाप कसा आहे रे?" म्हणाला, "चांगलाय. मला अन् त्याला जमतंय. रात्री संग जेवतो." त्याला रडायचं कारणच नव्हतं, साहेब! तालुक्यातला बहुधा तो एकमेव माणूस, ज्याच्या घरात सगळं नीट चाललंय, आणि आपण त्यालाही आजारी करून गेलात.

जाता जाता आपण घोषणा दिलीत, "जागा एकच पाहिजे, आणि ती माझी!" तीनशे जणांनी मुठी वळून ती परत म्हटली. तीनशे जण, जागा एक. हिशेब कोणी करायचा? २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. खुल्या गटाला फी हजार रुपये, राखीवला नऊशे. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज. दहा लाख उमेदवारांनी एकाच वेळी आरशासमोर उभं राहून शंभर टक्के आत्मविश्वासानं 'मी होणारच' म्हटलं, तरी तलाठी ४,६४४ च होणार. आत्मविश्वासानं जागा निघत नाहीत, त्या मंत्रालयातून निघतात. त्या तलाठी परीक्षेच्या गुणांचं पुढे सामान्यीकरण झालं आणि दोनशेपैकी २१४ गुण मिळाल्याचं लोकांनी यादीत वाचलं. माझ्या दुकानात ती यादी बघून एक पोरगा म्हणाला, "काका, आपण शंभर टक्के देऊन पण कमीच पडलो की." तो विनोद करत होता. आपल्या व्याख्यानापेक्षा त्या वाक्यानं त्याला जास्त सावरलं असावं, कारण त्यात दोष कुठे आहे ते त्यानं बरोबर ओळखलं होतं.

आपली शिकवण नेमकी उलटी चालते. पास झालास तर सरांमुळे, नापास झालास तर तुझ्या मनाच्या कमकुवतपणामुळे. आधी एकच दुःख होतं, निकालाचं. आता दोन झाली. दुसरं असं की, 'मी नीट मनापासून मागितलंच नाही.' पहिलं दुःख चार महिन्यांत निवळतं, नवी जाहिरात येते. दुसरं मुक्कामाला राहतं.

आणि हे 'आरशात बघून म्हणा' प्रकरण. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ते तपासून पाहिलं. विद्यार्थ्यांना 'मी लोकांना आवडण्यासारखा माणूस आहे' अशा अर्थाचं वाक्य मनाशी पुन्हापुन्हा म्हणायला सांगितलं. ज्यांची स्वतःबद्दलची भावना आधीपासून बरी होती त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांची नव्हती, म्हणजे ज्यांना या औषधाची खरी गरज होती, त्यांना न म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. का? कारण तोंड एक म्हणतं आणि आतून लगेच उत्तर येतं, 'कशाला थापा मारतोस?' जितक्या वेळा म्हणावं तितक्या वेळा ते उत्तर ऐकावं लागतं. आपल्या तीनशे जणांच्या घोषणेत किती जणांनी ते उत्तर ऐकलं असेल, याचा अंदाज मला आहे. दुकानात तीच पोरं येतात.

आपण अमेरिकेचे भक्त, म्हणून आणखी एक. कॅलिफोर्नियात जॉन व्हास्कॉन्सेलोस नावाच्या आमदाराच्या डोक्यात आलं की लोकांचा आत्मसन्मान वाढवला की गुन्हे, व्यसनं, नापास होणं, सगळंच कमी होईल. १९८६ साली सरकारनं त्यासाठी रीतसर कार्यदल नेमलं, १९९० साली अहवाल आला, शाळाशाळांतून 'तू खास आहेस' सुरू झालं. पुढे २००३ साली रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी सगळं संशोधन चाळलं, तर आत्मसन्मान वाढवल्यानं मार्क वाढतात याला पुरावा सापडेना; उलट बऱ्याचदा कामगिरी सुधारली की आत्मसन्मान मागून वाढतो. थोडक्यात, घोडा कुठे आणि टांगा कुठे हे त्यांना कळायला सतरा वर्षं आणि सरकारी पैसा लागला. आपल्याला संयोजकांचं मानधन पुरलं नाही.

ज्या माणसानं 'हे मला जमेल' या भरवशाच्या अभ्यासाचा पाया घातला तो अल्बर्ट बंडुरा, १९२५ चा जन्म, कॅनडातल्या मुंडारे नावाच्या गावचा. नाव ऐकून आपल्या जिल्ह्यातलंच वाटतं, पण मंठ्याहूनही लहान गाव. शाळेत शिक्षक कमी, पुस्तकं कमी, पोरांनी आपलं आपण शिकायचं. मोठा झाल्यावर त्यानं सापाला घाबरणाऱ्या माणसांवर प्रयोग केले. ही माणसं इतकी घाबरट की काहींना बागेत जायची सोय नव्हती. बंडुरानं त्यांना गरुडाची गोष्ट सांगितली नाही. दुसरा कोणीतरी साप हाताळताना आधी लांबून बघू दिलं. मग दारापर्यंत, मग पिंजऱ्यापर्यंत, मग हातमोजा घालून स्पर्श, शेवटी मोकळ्या हातानं. प्रत्येक पायरीला सोबत कोणीतरी. शेवटी भीती गेली, आणि भीतीशी आपण दोन हात करू शकतो हा भरवसा आला. १९७७ साली त्यानं लिहून ठेवलं की हा भरवसा चार वाटांनी येतो: स्वतः करून पाहणं, आपल्यासारख्या दुसऱ्यानं केलेलं पाहणं, कोणीतरी तोंडानं सांगणं, आणि आपल्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यात पक्की वाट पहिली. तोंडानं सांगणं कच्चं. पुढच्या पहिल्या अपयशाला ते विरघळतं. आणि आपण, साहेब, चारांपैकी नेमकी तीच एक वाट घेऊन गावोगाव फिरता.

पहिली वाट बघायची असेल तर पहाटे पाचला लोणारच्या रस्त्याला या. भरतीची पोरं धावत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, वर शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानी ५० गुणांची, लेखी १०० ची. कोणाच्या हातात जुनं स्टॉपवॉच, कोणाचा मोबाइल. एक पोरगा सहा मिनिटं चाळीस सेकंदांवरून सव्वासहावर येतो, पावसाळा संपेस्तोवर पावणेसहावर. त्याला कोणी 'तू करू शकतोस' म्हणत नाही. सोबतचा मित्र नुसता आकडा ओरडून सांगतो. पहिल्या दिवशी छातीत धडधडलं की त्याला वाटायचं मरतो आता. आता तीच धडधड म्हणजे तिसरी फेरी. हीच चौथी वाट. घड्याळात बघून कमावलेली ही गोष्ट भरतीत नाही निवडला तरी त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

भावनांचंही असंच असतं, असं भाचीचं म्हणणं. इटलीत जान व्हित्तोरिओ काप्रारा यांनी बंडुराबरोबर तरुण पोरांवर काम केलं. राग आला, खचलो, तरी स्वतःला सावरू शकतो हा भरवसा त्यांनी मोजला. पण दुसरी बाजूही मोजली: आनंद झाला तर तो दाखवता येतो का? हे वाचून मी थांबलो. आमच्याकडे पास झालेला पोरगा दुकानात निकाल बघतो आणि तोंड मिटून उभा राहतो. बाजूला त्याचा मित्र नापास झालेला असतो. नजर लागेल, गर्व वाटेल, पाहुणे उसने मागतील. आनंद खिशात घालून तो घरी जातो. त्याच्यासाठी आपल्याकडे एखादी स्लाइड आहे का? डोळे उघडे ठेवून करायची?

भाचीनं तिच्या अभ्यासासाठी दुकानात येणाऱ्या पोरांना मॉरिस रोझेनबर्ग यांची दहा वाक्यांची प्रश्नावली भरायला दिली होती. १९६५ सालची आहे, जगभर वापरतात, स्वतःबद्दल काय वाटतं ते खूण करून सांगायचं. पोरांनी मन लावून भरली. शेवटी एकानं कागद परत देताना विचारलं, "ताई, यात पास व्हायला किती लागतेत?" तिला हसू आलं, मला नाही. स्वतःबद्दल काय वाटतं यातही कटऑफ असणार, हे त्यांनी गृहीत धरलंय. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आयुष्यभर याच्यावरच बोलत राहिला: कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. पेपर वाईट गेला म्हणा, मी वाईट म्हणू नका. त्याचे विचार कि. मो. फडक्यांनी मराठीत कितीतरी वर्षांपूर्वी आणून ठेवलेत. आपल्या पुस्तकांच्या टेबलावर मात्र ते नव्हते.

विलायतेचं नको असेल तर आपल्याच जिल्ह्यातलं सांगतो. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा एक मुलगा, १६०८ चा जन्म, लग्नाच्या मांडवातून पळाला असं सांगतात. म्हणजे घरच्या अपेक्षांचं ओझं त्यालाही झेपलं नव्हतं. पुढे त्यानं मनाशी बोलत २०५ श्लोक लिहिले. मनाला समजावतो, दटावतो, पुन्हा जवळ घेतो. कुठेही दिवे मालवत नाही. रोज थोडं म्हणायचं, जन्मभर म्हणायचं, असा तो सौदा आहे. एका दुपारचा नाही. आपण समर्थांचं नाव भाषणात चारदा घेतलंत म्हणून आठवण दिली.

आता शेवटची तक्रार, आणि ही मात्र हसण्यावारी नेऊ नका. कार्यक्रमात आपण एक व्हॉट्सॲप नंबर दिला होतात. "मन जड झालं तर रात्री-अपरात्री मेसेज करा, मी तुमचा मोठा भाऊ." एका मुलीनं खरंच केला, रात्री दीडला. लगेच उत्तर आलं: अभिनंदन, आपण यशाच्या पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं आहे, पुढच्या पायरीसाठी ४,९९९ रुपयांचा कोर्स, आज नोंदणी केल्यास सवलत. कोर्सचं नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात होईल. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली ते एवढंच विचारायला, "काका, हे हप्त्यानं भरता येईल का?"

तिला मी काउंटरवर चिकटवलेला नंबर दाखवला: १४४१६. टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि पलीकडे शिकलेला माणूस असतो. शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांत राज्य सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, त्यात आपला जालनाही आहे. त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करायची असते. प्रेरणा हे नाव सरकारनं आपल्याआधी घेतलं, याबद्दल क्षमस्व. राज्यातली जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नव्हतं, आता जालन्याला ३६५ खाटांचं मंजूर आहे. ही सगळी व्यवस्था तोकडी आहे हे मला कळतं. तोकड्या व्यवस्थेत जी मोकळी जागा राहते, तिथेच आपलं पुस्तकांचं टेबल लागतं.

ती मुलगी दुकानात बसूनच बोलली त्या नंबरवर. मी यंत्र बंद करून बाहेर चहाला गेलो, कारण झेरॉक्सच्या आवाजात बोलता येत नाही आणि मला ऐकायचंही नव्हतं. काय बोलली माहीत नाही. परत आलो तेव्हा म्हणाली, बरं वाटलं असं नाही, पण नीट सांगता आलं. सकाळी रस्त्यावर दिसते अधूनमधून.

संयोजक पुढच्या वर्षी आपल्याला पुन्हा बोलवायचं म्हणतात. यायला हरकत नाही. फक्त मंगल कार्यालयाऐवजी निकालाच्या दिवशी माझ्या दुकानात या. माईक मिळणार नाही, बासरी लावता येणार नाही, कारण एकच प्लग आहे आणि त्यावर प्रिंटर चालतो. एक स्टूल देतो. पोरगा यादीत स्वतःचं नाव शोधेल, दोनदा शोधेल, मग सीट नंबर टाकून शोधेल. मागं रांग असते, त्यामुळे आपल्याकडे मिनिटभरच असेल. त्या मिनिटात त्याला काय म्हणायचं ते ठरवून या. प्रिंट पाच रुपये, ती मी आपल्याकडून घेणार नाही.

कळावे, लोभ असू द्यावा.

आपला,
झेरॉक्सवाला, बसस्थानकाजवळ, मंठा

ता. क. : प्रमाणपत्रांच्या रंगीत प्रतींचं बिल अजून थकलेलं आहे. संयोजक म्हणतात सर देणार, सरांचे मॅनेजर म्हणतात संयोजक देणार. दोघांनाही सकारात्मक राहायला सांगितलंय.